जुन्या ब्रिटिश बाइकचं वंगण: कोणत्या कप्प्यात कोणतं ऑइल, आणि ते कसं ठरवायचं

"ट्रायम्फला कोणतं ऑइल चांगलं?" असं विचारणाऱ्याला एका नावाचं उत्तर हवं असतं, आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीन दशकांत बनलेल्या बहुतेक ब्रिटिश मोटरसायकलींमध्ये इंजिन, प्रायमरी चेनकेस (इंजिनकडून क्लचकडे जाणाऱ्या साखळीचं बंद आवरण) आणि गिअरबॉक्स यांचं ऑइल वेगवेगळं राहतं. चौथं फोर्कमध्ये. आजच्या बहुतेक बाइकमध्ये इंजिन, क्लच आणि गिअर एकाच ऑइलमध्ये फिरतात. त्या सवयीने लोक एक महागडा डबा आणतात आणि सगळीकडे तोच ओततात. मग क्लच घसरतो, गिअरबॉक्सचे ब्राँझ बुश (शाफ्ट ज्यांत फिरतो त्या कड्या) काळे पडतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे वर्षानुवर्षं साचलेला गाळ सुटून बिग एंडची, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जिथे जोडतो त्या बेअरिंगची, वाट बुजवतो.

ब्रँड हा शेवटचा प्रश्न आहे. त्याआधी कोणत्या कप्प्यात कोणता धातू आहे, क्लच ओला आहे की कोरडा, फिल्टर आहे की नुसती जाळी, याची उत्तरं लागतात. खालचा क्रम त्यासाठीच आहे. तो पाळा. विशेषतः तिसरी पायरी टाळून चौथीवर जाऊ नका.

## तयारी

ज्या वर्षाची गाडी, त्याच वर्षाचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवा. 'साधारण तसंच मॉडेल' इथे चालत नाही, कारण हे कारखाने एकाच नावाखाली दर वर्षी आतल्या गोष्टी बदलत असत.

मापं वाचताना एक गोष्ट आधी पाहा. ब्रिटिश पिंट ५६८ मिलिलीटरचा असतो, अमेरिकन पिंट ४७३ चा. यातल्या कितीतरी गाड्या अमेरिकेला निर्यात झाल्या आणि तिकडच्या मापातली पुस्तकंही सर्रास हाती येतात. पिंटमागे जवळजवळ शंभर मिलिलीटरचा फरक पडतो. इंजिनच्या टाकीत तो खपून जाईल, पण लहानशा चेनकेसमध्ये किंवा फोर्कमध्ये नाही. म्हणून सगळी मापं मिलिलीटरमध्ये बदलून वहीत लिहून घ्या आणि पुढे वहीच पाहा.

बाकी सामान थोडं आहे: मिलिलीटरच्या खुणांचं मापपात्र, प्रत्येक कप्प्यासाठी वेगळं ट्रे-भांडं, धागे न सुटणारं कापड, ड्रेन प्लगचे नवे वॉशर, लहान टॉर्च, चुंबक आणि व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश नट-बोल्टच्या) मापाचे पाने. मेट्रिक पाना या नटांवर 'जवळपास' बसतो आणि कोपरे गोल करून ठेवतो. तांब्याचा जुना वॉशर परत वापरायचा असेल तर तो मंद लाल होईपर्यंत तापवून गार करा, म्हणजे पुन्हा मऊ होतो. फायबरचा मात्र नवाच घाला.

## पायरी १: गाडी नेमकी कोणती आणि आत काय बदललंय

इंजिन नंबर आणि फ्रेम नंबर दोन्ही उतरवा आणि त्यावरून वर्ष ठरवा. काही बदल असे आहेत की त्यांवर ऑइलची निवडच फिरते:

- ट्रायम्फ ६५० ट्विन (दोन सिलिंडरची) १९६३ च्या मॉडेलपासून युनिट झाली, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच आवरणात आले. त्याआधीच्या गाड्यांत गिअरबॉक्स हा स्वतंत्र डबा आहे.
- युनिट ट्रायम्फ ६५० मध्ये १९७० च्या सुमारास क्रँकच्या प्रायमरीकडच्या बेअरिंगमागचं सील काढून टाकलं. तिथून पुढच्या गाड्यांत इंजिनचंच ऑइल चेनकेसमध्ये येत-जात राहतं.
- १९७१ पासून ट्रायम्फ आणि बीएसएच्या ६५० ट्विनमध्ये ऑइलची टाकी वेगळी नाही. फ्रेमची जाड नळी हीच टाकी.
- नॉर्टन कमांडोला १९७२ पासून बदलता येणारा कार्ट्रिज फिल्टर आला. त्याआधी नुसत्या जाळ्या.
- ट्रायम्फ ट्रायडंटचा क्लच कोरडा आहे, वेगळ्या कोनाड्यात. तिथे ऑइल पोचलंच तर तो बिघाड समजा.

नंबर जुळले म्हणून काम संपत नाही. दोन-तीन गाड्यांचे भाग जोडून उभी केलेली गाडी मिळणं नेहमीचं आहे. आधीच्या मालकाने साखळीऐवजी प्रायमरी बेल्ट बसवला आहे का? बाहेरचा फिल्टर लावला आहे का? क्लच प्लेट बदलल्या आहेत का? बिल मिळालं तर उत्तम. नसेल तर आवरण उघडून डोळ्यांनी पाहा.

सावधान: बेल्ट बसवलेल्या चेनकेसमध्ये ऑइल घालायचं नाही. तो बेल्ट १९७० नंतरच्या ट्रायम्फवर असेल, तर कारखान्याने काढलेलं सील परत बसवून चेनकेस इंजिनपासून बंद केलेलं असायला हवं. ते नसेल तर आधी ते काम करून घ्या.

## पायरी २: जुन्या पुस्तकातला ग्रेड आजच्या डब्यावर ओळखा

जुन्या मॅन्युअलमध्ये उन्हाळ्यात एसएई (ऑइलच्या जाडीची मोजपट्टी) ५० किंवा ४० आणि हिवाळ्यात ३० अशा सूचना सापडतात. हे सिंगल ग्रेड ऑइल. मल्टिग्रेडमध्ये 'डब्ल्यू' जोडलेला आकडा थंडीतली वागणूक सांगतो, तर दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती जाड राहतं ते. एसएई ५० म्हणजे १०० अंशाला १६.३ ते २१.९ सेंटीस्टोक (जाडी मोजण्याचं एकक). २०डब्ल्यू-५० तापल्यावर याच पट्ट्यात येतं, फक्त सकाळी गार इंजिनात ते सिंगल ५० पेक्षा लवकर वाहायला लागतं.

गिअर ऑइलची मोजपट्टी वेगळी आहे, आणि इथे बहुतेकांची गफलत होते. ९० हा आकडा पाहून ते ५० च्या दुप्पट जाड असेल असं वाटतं. प्रत्यक्षात गिअरचं ९० म्हणजे १०० अंशाला १३.५ ते १८.५ सेंटीस्टोक, म्हणजे इंजिनच्या ४० ते ५० इतकंच. म्हणूनच एका वर्षीच्या पुस्तकात गिअरबॉक्सला 'एसएई ५०' आणि पुढच्या एखाद्या वर्षी 'ईपी ९०' (ईपी म्हणजे जास्त दाब सोसणारं) दिसलं तर गोंधळू नका. जाडी तीच आहे. फरक आत मिसळलेल्या रसायनांचा आहे, आणि तोच महत्त्वाचा.

डब्याच्या मागच्या बाजूला तीन खुणा शोधा:

- एपीआय (अमेरिकन दर्जा): एस ने सुरू होणारी अक्षरं पेट्रोल इंजिनासाठी. दुसरं अक्षर जितकं पुढचं तितका नियम नवा.
- जासो (जपानी दर्जा): एमए, एमए१ किंवा एमए२ असेल तर ओल्या क्लचला चालतं. एमबी म्हणजे घर्षण कमी करणारं, क्लचला नको.
- जीएल: गिअर ऑइलमध्ये दाब सोसणारी ईपी रसायनं किती. जीएल-१ मध्ये जवळजवळ नाहीत, जीएल-४ मध्ये बेताची, जीएल-५ मध्ये साधारण त्याच्या दुप्पट.

तपासा: डब्यावर यातलं काहीच छापलेलं नसेल आणि कंपनीचा माहितीतक्ताही मिळत नसेल, तर ते ऑइल घेऊ नका, मग डब्यावर जुन्या गाडीचं कितीही सुंदर चित्र असो.

## पायरी ३: इंजिन आतून किती स्वच्छ आहे

या पायरीला वेळ द्या. ट्रायम्फ आणि बीएसएच्या ट्विन इंजिनांत क्रँकच्या आत एक पोकळ नळी बसवलेली असते, तिला स्लज ट्रॅप म्हणतात. क्रँक फिरताना ऑइलमधली जड घाण बाहेरच्या बाजूला फेकली जाऊन या नळीत साचते आणि स्वच्छ ऑइल बिग एंडकडे जातं. कागदी फिल्टर नसलेल्या काळात फिल्टरचं काम हीच नळी करत होती. त्या काळच्या साध्या, डिटर्जंट नसलेल्या ऑइलमध्ये घाण खाली बसायची, म्हणून ही रचना चालायची.

आजच्या ऑइलमधली डिटर्जंट रसायनं उलट काम करतात. ती घाण सोडवतात आणि तरंगती ठेवतात. स्वच्छ इंजिनात हे उत्तमच. पण नळीत दशकांचा गाळ घट्ट बसलेला असेल आणि अचानक डिटर्जंट ऑइल आलं, तर त्या गाळाचे तुकडे सुटून बिग एंडच्या भोकात अडकू शकतात. मग टाकीत ऑइल भरलेलं असूनही बेअरिंग कोरडं पडतं.

म्हणून निर्णय असा घ्या:

इंजिन उघडून स्लज ट्रॅप साफ केल्याची खात्री आहे: आधुनिक डिटर्जंट ऑइल बिनधास्त वापरा. पायरी ४ वर जा.

खात्री नाही: रॉकरची झाकणं आणि सम्पची (इंजिनच्या तळाची) जाळी काढा, टाकीच्या तळाशी बोट फिरवा. सगळीकडे पातळ तपकिरी थर असेल तर गाडी बहुधा डिटर्जंट ऑइलवरच चालत आली आहे. तेच पुढे चालू ठेवा. बोटाला राखाडी-काळा, ग्रीससारखा लगदा लागला तर क्रँकमध्येही तोच आहे असं धरून चाला.

लगदा सापडला तर माझं मत स्पष्ट आहे: इंजिन उघडा. नळी काढण्यासाठी क्रँककेस वेगळं करावं लागतं, काम मोठं आहे, पण क्रँक आणि कनेक्टिंग रॉड गमावण्यापेक्षा लहान. ते होईपर्यंत गाडी हलवावीच लागली तर डिटर्जंट नसलेलं सिंगल ग्रेड वापरा, लवकर लवकर बदला आणि इंजिनावर जोर टाकू नका.

सावधान: 'फ्लशिंग ऑइल' किंवा डिझेल घालून इंजिन धुण्याचा सल्ला या इंजिनांसाठी धोक्याचा आहे. गाळ अर्धवट सुटतो आणि तसाच आत राहतो.

सावधान: जुन्या रेसिंग गाडीत एरंडेलावर आधारलेलं ऑइल असू शकतं. त्याचा वास गोडसर आणि लगेच ओळखू येणारा असतो. ते खनिज ऑइलमध्ये नीट मिसळत नाही, चिकट गोळे होतात. टाकी, पाइप, पंप सगळं उतरवून साफ केल्याशिवाय दुसरं ऑइल भरू नका.

## पायरी ४: इंजिन ऑइल

स्वच्छ केलेल्या, रोजच्या वापरातल्या ट्विनसाठी खनिज २०डब्ल्यू-५० ही सरळ निवड आहे. पातळ आधुनिक ऑइल, म्हणजे ५डब्ल्यू-३० किंवा तत्सम, नको. या इंजिनांत भागांमधल्या फटी मोठ्या आहेत, आणि काही रचना पातळ ऑइलला मुळीच सोसत नाहीत. बीएसए ए१० आणि ए६५ चं उदाहरण घ्या: तिथे क्रँकमध्ये ऑइल शिरतं ते टायमिंग बाजूच्या (प्रायमरीच्या उलट बाजूच्या) साध्या बुशमधून. तो बुश झिजला की ऑइल बिग एंडला पोचण्याआधीच कडेने निसटतं. ऑइल जितकं पातळ, तितकं जास्त निसटतं. जाड ऑइलने झिजलेला बुश बरा होत नाही हेही खरं, पण पातळ ऑइल त्याचा शेवट लवकर आणतं.

सिंगल ग्रेड ४० किंवा ५० वाईट नाही. कायम उष्ण हवेत चालणाऱ्या, रोलर बिग एंडच्या सिंगल सिलिंडर गाडीला ते शोभतं. अट एकच: गार इंजिनाला पहिली काही मिनिटं हळू चालवायचं. सुरू करून लगेच गाडी ताणायची सवय असेल तर मल्टिग्रेडच घ्या.

झेडडीडीपी या नावाभोवती बरीच भीती आहे. हा जस्त आणि फॉस्फरस असलेला झीजरोधक घटक, आणि घसरत चालणाऱ्या टॅपेट-कॅमच्या जोडीला तो हवाच. गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला फॉस्फरस बाधतो म्हणून नव्या एपीआय नियमांनी त्याचं प्रमाण कमी केलं. मात्र ती मर्यादा मुख्यतः पातळ, इंधन वाचवणाऱ्या ग्रेडना लागू आहे. २०डब्ल्यू-५० त्या बंधनात आपोआप येत नाही. माहितीतक्त्यात जस्त-फॉस्फरस साधारण १००० ते १२०० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) दिसलं की निश्चिंत व्हा. वेगळी बाटली आणून त्यात आणखी झेडडीडीपी ओतू नका. प्रमाणाबाहेर गेलेलं रसायनही धातूला त्रास देतं, आणि कंपनीने जुळवलेलं मिश्रण बिघडतं ते वेगळंच.

सिंथेटिक घ्यावं का? नव्याने बांधलेल्या, चांगली सीलं असलेल्या इंजिनात योग्य ग्रेडचं सिंथेटिक नुकसान करत नाही. पण फिल्टर नसेल तर ऑइल दर दोन हजार किलोमीटरच्या आसपास बदलावंच लागतं, आणि इतक्या लवकर टाकून द्यायच्या ऑइलवर जास्त खर्च करण्यात मला अर्थ वाटत नाही. नवीन पिस्टन-रिंग बसवल्या असतील तर सुरुवातीला खनिजच वापरा.

बाहेरचा फिल्टर बसवणार असाल तर तो परतीच्या पाइपवर, म्हणजे इंजिनातून टाकीकडे जाणाऱ्या वाटेवर बसवा. टाकीतून पंपाकडे येणाऱ्या पाइपवर अडथळा आला की पंपच उपाशी राहतो.

तपासा: तुमची गाडी १९७० नंतरची ट्रायम्फ ६५० किंवा ७५० ट्विन असेल, तर हेच ऑइल क्लचलाही मिळणार आहे. जासो एमए नसलेलं किंवा 'एनर्जी कन्झर्व्हिंग' लिहिलेलं ऑइल इथे बाद.

## पायरी ५: प्रायमरी चेनकेस

इथे ऑइलला दोन कामं आहेत: साखळी ओली ठेवणं आणि क्लच घसरू न देणं. दोन्ही थोड्या ऑइलवर भागतात. कमांडोला २०० मिलिलीटर, युनिट ट्रायम्फ ६५० ला ३५० मिलिलीटर. 'थोडं जास्त घातलं तर बरं' हा विचार इथे महागात पडतो, कारण जास्तीचं ऑइल क्लच प्लेटमध्ये शिरून त्यांना चिकटवतं आणि गिअर पडताना खडखडाट होतो.

इंजिनपासून वेगळ्या असलेल्या चेनकेससाठी पातळ ऑइल हवं. पुस्तकं सहसा एसएई २० सांगतात. आज तो ग्रेड सुटा मिळणं कठीण, म्हणून अनेक अनुभवी मालक टाइप एफ एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा द्रव) वापरतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या द्रवांपैकी टाइप एफ मध्ये घर्षण कमी करणारे घटक नसतात, त्यामुळे क्लच पकडून राहतो. डेक्सरॉन या प्रकारात ते असतात. दोन्हींचा रंग लाल असला तरी एकाच्या जागी दुसरं घालू नका. कमांडोच्या पुस्तकात मात्र प्रायमरीलाही इंजिनचंच ऑइल सांगितलं आहे. तिथे क्लच घसरत नसेल तर बदलायची घाई करू नका.

१९७० नंतरच्या ट्रायम्फमध्ये एटीएफ घालण्यात काही अर्थ नाही, ते थेट इंजिनात जाईल. पहिल्यांदा भरताना तेवढं इंजिन ऑइलच मोजून घाला, मग पातळी आपोआप राखली जाते.

सावधान: क्लचच्या घर्षण प्लेट एकदा चुकीच्या ऑइलने भिजल्या की नुसतं ऑइल बदलून क्लच सुधारत नाही. प्लेट काढून, धुऊन, पूर्ण वाळवून मगच बसवाव्या लागतात.

## पायरी ६: गिअरबॉक्स

गिअरबॉक्सचं ऑइल निवडताना दातांपेक्षा बुशांचा विचार करा. स्लीव्ह गिअर, लेशाफ्ट (गिअरबॉक्सचा दुसरा शाफ्ट), किकस्टार्टचा दांडा, ठिकठिकाणी ब्राँझचे बुश असतात. ईपी रसायनांतला सक्रिय गंधक तापमान वाढलं की तांबं असलेल्या धातूंना खातो. आधी काळे डाग, मग खड्डे. मोटारगाड्यांच्या हायपॉइड डिफरन्शिअलमध्ये दात दातावर घासतात तिथे जीएल-५ हवं. या गिअरबॉक्सचे दात सरळ आहेत, त्यांना तेवढी गरज नाही.

म्हणून पुस्तकात 'ईपी ९०' असेल तर ८०डब्ल्यू-९० जीएल-४ घ्या. पुस्तकात 'एसएई ५०' असेल तर सिंगल ग्रेड इंजिन ऑइल ५० किंवा जीएल-४. काही जीएल-५ ऑइल पिवळ्या धातूंना सुरक्षित असल्याचं कंपन्या सांगतात. माहितीतक्त्यात तांब्याच्या पट्टीची चाचणी पाहा. डी१३० नावाच्या या चाचणीत १ए किंवा १बी आलं असेल तर दावा खरा मानता येईल. आकडा छापलेला नसेल तर जीएल-४ वर थांबा.

बर्मन आणि अल्बियनचे गिअरबॉक्स वेगळ्या जातीचे आहेत. मॅचलेस, एजेएस, एरियल आणि रॉयल एनफिल्डच्या अनेक मॉडेलवर ते होते, आणि पातळ ऑइल धरून ठेवण्यासाठी ते बनलेलेच नव्हते. कारखाना तिथे मऊ ग्रीस किंवा ग्रीस-ऑइलचं मिश्रण सांगत असे. आज त्यासाठी एनएलजीआय (ग्रीसच्या घट्टपणाचं माप) ०० किंवा ० दर्जाचं अर्धप्रवाही ग्रीस मिळतं. बेअरिंगचं नेहमीचं घट्ट ग्रीस भरू नका: दात त्यात एकदा चर पाडतात आणि मग कोरडेच फिरत राहतात.

पातळीच्या बाबतीत युनिट ट्रायम्फमध्ये हमखास चूक होते. गिअरबॉक्सच्या ड्रेन प्लगच्या मधोमध एक लहान स्क्रू आहे. तो पातळी पाहण्याचा. आत उभी नळी असते, आणि वरून भरताना त्या नळीतून ऑइल ठिबकू लागलं की पातळी झाली. बाहेरचा मोठा षटकोन फिरवला तर सगळं ऑइल खाली येतं. भरताना गाडी सरळ उभी हवी, साइड स्टँडवर नाही. जाड ऑइल खाली उतरायला वेळ घेतं, म्हणून थोडं भरा, थांबा, परत थोडं भरा.

## पायरी ७: फोर्क, स्विंगआर्म आणि लहान जागा

फोर्क ऑइलचं 'वजन', म्हणजे जाडीचा आकडा, कंपनीगणिक बदलतं. एकाचं १० दुसऱ्याच्या १५ इतकं जाड निघू शकतं. तुलना करायची तर ४० अंशाच्या सेंटीस्टोकची करा. दोन्ही पायांत अगदी सारखं माप घाला. कमांडोच्या रोडहोल्डर फोर्कला प्रत्येकी १५० मिलिलीटर.

कमांडोच्या स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या हलत्या चौकटीला) ग्रीस नको. तिथले बुश सच्छिद्र ब्राँझचे, ऑइल शोषणारे आहेत, आणि कारखान्याने एसएई १४० गिअर ऑइल सांगितलं आहे. ग्रीसगन लावून ती भोकं बुजवलेल्या गाड्या भरपूर आहेत. अशी गाडी नुकतीच विकत घेतली असेल तर आधी हेच तपासा. बहुतेक इतर गाड्यांत स्विंगआर्मला ग्रीसच लागतं.

चाकांची बेअरिंग आणि स्टिअरिंग हेड यांना लिथियम ग्रीस, एनएलजीआय २. जुनं ग्रीस पूर्ण काढूनच नवं भरा, कारण वेगळ्या साबणावर बनलेली ग्रीसं एकमेकांत मिसळली की पातळ होऊन वाहू शकतात. ब्रेक कॅमला उष्णता सोसणारं ग्रीस, नखाएवढं. ड्रमच्या बाजूला जास्त भरलेलं ग्रीस ब्रेक लायनिंगवर जातं.

स्पीडोमीटरच्या केबलला खालच्या भागातच ग्रीस लावा. वरचे १५-२० सेंटीमीटर कोरडे ठेवा, नाहीतर ते फिरत फिरत मीटरमध्ये चढतं. मॅग्नेटोमध्ये (ठिणगीची वीज बनवणाऱ्या भागात) ऑइल घालू नका, तिथल्या बेअरिंगना ग्रीस भरलेलं असतं. कॉन्टॅक्ट ब्रेकरच्या फेल्टला एक थेंब पुरे.

## पायरी ८: काढण्याचा आणि भरण्याचा क्रम

१. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा. गाडी खूप दिवस उभी असेल तर हे करू नका, थेट २ वर या. उभ्या गाडीत टाकीतलं ऑइल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये उतरतं. नॉर्टनच्या गिअर पंपात हे फार होतं. अशा वेळी सुरू केली तर ते ऑइल सील फोडून बाहेर येतं.

२. आधी क्रँककेसचा ड्रेन प्लग, मग टाकी. जाळ्या काढून पेट्रोल किंवा रॉकेलने धुवा आणि टॉर्चने पाहा.

३. गिअरबॉक्स आणि प्रायमरी वेगवेगळ्या भांड्यांत काढा. प्रायमरीत अपेक्षेपेक्षा बरंच जास्त ऑइल निघालं तर क्रँकचं सील गेलं असण्याची शक्यता आहे. गिअरबॉक्स रिकामा आणि प्रायमरी भरलेली असेल तर गळती मधल्या शाफ्टच्या बाजूने आहे.

४. प्लग नव्या वॉशरने बसवा. अॅल्युमिनियमचे आटे पन्नास-साठ वर्षांचे आहेत. लांब पान्याने आवळू नका.

५. आधी गिअरबॉक्स, मग प्रायमरी, शेवटी इंजिनची टाकी भरा. प्रत्येक कप्पा भरला की वहीत खूण करा. गिअरबॉक्स रिकामा ठेवून गाडी सुरू झाल्याचे प्रकार घडतात.

६. स्पार्क प्लग काढून किक मारत राहा, परतीच्या पाइपमधून टाकीत ऑइल पडेपर्यंत. मगच प्लग लावून सुरू करा. एका मिनिटात परत येणारं ऑइल दिसलं नाही तर इंजिन बंद.

७. पाच मिनिटं चालवा, बंद करा, थोडं थांबून टाकीची पातळी पाहा आणि खुणेपर्यंत आणा. रात्रभर उभ्या गाडीची पातळी पाहून ऑइल वाढवायचं नाही. ते खाली उतरलेलं असतं, आणि सुरू केल्यावर टाकी ओसंडते.

तपासा: परतीचं ऑइल बुडबुड्यांसह, तुटक तुटक यायला हवं, कारण परतीचा पंप पुरवठ्याच्या पंपापेक्षा जास्त क्षमतेचा असतो. सुरुवातीची सलग धार काही क्षणांत तुटक व्हायला हवी. हे दिसलं म्हणजे ऑइल फिरतंय एवढंच सिद्ध होतं. दाब कळायला दाबमापक लागतो, आणि तो जोडून घेणं चांगलं.

सावधान: झिरपणं थांबवायला काही जण टाकीखाली नळ बसवतात. तो बंद राहून इंजिन सुरू झालं तर काही मिनिटांत सगळं संपतं. बसवायचाच असेल तर नळ बंद असताना इग्निशनच लागणार नाही अशी जोडणी असलेला घ्या.

## पायरी ९: पहिल्या फेऱ्यांनंतर

नव्याने बांधलेल्या इंजिनाचं ऑइल पहिल्या दीड-दोनशे किलोमीटरवर बदला, मग सात-आठशेवर. जुन्या, चालत्या गाडीत नवं ऑइल घातल्यावर पाचशे किलोमीटरच्या आत जाळी काढून पाहा. फिल्टर नसेल तर त्यानंतर दर दोन हजारांच्या आसपास बदला, आणि गाडी कमी चालत असेल तरी वर्षातून एकदा. लहान लहान फेऱ्यांत इंजिन पूर्ण तापत नाही, ऑइलमध्ये पाणी आणि आम्ल साचतं. गाडी काही महिने उभी ठेवायची असेल तर जुनं ऑइल काढून, नवं भरून, थोडं फिरवून मग ठेवा.

काढलेलं ऑइल फेकण्याआधी पांढऱ्या भांड्यात ओता. चुंबकाला चिकटणारी बारीक करडी पेस्ट थोडी असेल तर ठीक. टोचणारे तुकडे असतील तर गाडी थांबवा. चुंबकाला न चिकटणारे सोनेरी कण म्हणजे ब्राँझ: गिअरबॉक्समध्ये दिसले तर आधी जीएलचा आकडा परत वाचा, मग बुश पाहा. रुपेरी, मऊ कण इंजिनमध्ये दिसले तर ते पिस्टनचं अॅल्युमिनियम किंवा बिग एंड शेलचा वरचा थर असू शकतो, आणि दाब मोजल्याशिवाय पुढची फेरी नको. दुधाळ रंग म्हणजे पाणी. वहीत तारीख, किलोमीटर, ऑइलचं पूर्ण नाव आणि काय दिसलं हे प्रत्येक कप्प्यासमोर वेगळं लिहा, आणि टाकीच्या झाकणाखाली एक कागदी चिठ्ठी चिकटवून त्यावर ग्रेड लिहून ठेवा, म्हणजे दुसऱ्या कुणाला गाडी हाताळावी लागली तरी चुकीचं ऑइल आत जाणार नाही.